कंपासपेटीतली मिठाची पुडी

गेल्या पालकसभेत सातवीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीचा विषय निघाला. पेटीत कर्कटक आणि कोनमापकाच्या खाली कागदाची बारीक पुडी सापडली होती आणि पुडीत मीठ होतं. शेजारच्या बाकावरच्या मुलींनी ते पाहिलं, 'हा जादूटोणा करतो' अशी वर्गभर बोंब झाली, ती दोन घरांत पोचली आणि तिथून सभेत आली. मुलाला विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगून टाकलं की एका जपानी ॲनिमेत, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकेत, एक माणूस भुतांवर मीठ फेकतो, म्हणून ठेवलं. मग मागणी ठरलेलीच होती. भुताखेतांच्या, आत्म्यांच्या जपानी मालिका मुलांनी बघू नयेत आणि पालकांनी दाखवू नयेत, अशी लेखी सूचना शाळेनं काढावी. मागच्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, "बाई, तुम्ही दरवर्षी लिंबातून रक्त काढून दाखवता, पोरांना अंधश्रद्धेचं सांगता. आणि हीच पोरं घरी जाऊन भुतं बघतात. मग त्या लिंबाचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त होता. मी विज्ञान शिकवते. सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंज लावून ठेवायचं आणि लिंबू कापायचं. आम्लामुळे रस लालभडक होतो. वर्ग आधी दचकतो, मग हसतो, मग कारण विचारतो. हा प्रयोग मी किती वर्षं करते आहे याचा हिशेब नाही. त्या आजोबांना त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. घरी आले आणि ती मालिका पहिल्या भागापासून बघायला बसले. तीन हंगाम, सदतीस भाग. आता उत्तर आहे: शाळेनं अशी सूचना काढू नये. इतकंच नाही, अंधश्रद्धेशी ज्यांना मनापासून झुंजायचं आहे त्यांनी असल्या गोष्टींकडे शत्रू म्हणून बघणं सोडावं. हे मी का म्हणते ते सांगते. त्यासाठी थोडं जपानात जावं लागेल, कारण हा वाद तिकडे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झालेला आहे.

मालिकेचं नाव 'मॉब सायको १००'. 'वन' या टोपणनावानं लिहिणाऱ्या चित्रकथाकाराची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१२ ते २०१७ या काळात आली आणि 'बोन्स' या स्टुडिओनं २०१६, २०१९ आणि २०२२ मध्ये तिचे तीन हंगाम केले. नायक शिगेओ कागेयामा हा आठवीतला मुलगा. त्याला सगळे मॉब म्हणतात, म्हणजे गर्दीतला कुणीही. त्याला भुतं दिसतात आणि मनाच्या जोरावर तो अख्खी इमारत हलवू शकतो. शाळा सुटल्यावर तो ताशी ३०० येन मजुरीवर रेइगेन अराताका नावाच्या माणसाकडे काम करतो. रेइगेनच्या कचेरीची पाटी मराठीत आणायची तर 'आत्मे-बित्मे सल्ला केंद्र' अशीच आणावी लागेल. हा माणूस स्वतःला या शतकातला सर्वांत मोठा सिद्ध म्हणवतो. त्याच्या अंगात शक्ती कसलीही नाही. मीठ फेकणारा तो हाच.

एक प्रसंग मला पुन्हा पुन्हा आठवतो. कचेरीत एक बाई येते. खांदे जड झालेत, काहीतरी बसलंय खांद्यावर, झपाटलंय मला, असं तिचं म्हणणं. आपल्याकडे भूत मानगुटीवर बसतं, त्यांच्याकडे खांद्यावर. रेइगेन तिचं ऐकून घेतो, झोपायला सांगतो आणि भूत काढतो आहोत असं भासवत तिची मान, खांदे, पाठ नीट चोळून देतो. बोटांना कळतं गाठ कुठे आहे. बाई हलकी होऊन उठते आणि आभार मानून जाते. तिथं भूत नव्हतंच, दिवसभराच्या कामानं आखडलेले स्नायू होते. हे मालिका व्याख्यान देऊन सांगत नाही. बघणाऱ्याला ते आपोआप कळतं, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलालाही कळतं.

माझ्या लिंबात ही गोष्ट नाही, आणि ही उणीव मला इतक्या वर्षांत जाणवली नव्हती. लिंबू कापून मी एवढंच दाखवते की बाबा युक्ती करतो. बाबाकडे माणूस गेला कशाला, हे लिंबू सांगत नाही. घरात दुखणं असतं, दवाखान्यात डॉक्टर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही, सासरचं कुणी ऐकून घेत नाही, आणि देवऋषी मात्र पाटावर बसवून तासभर विचारपूस करतो. माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. बाळंतपणानंतर ती कुणाशी बोलेनाशी झाली होती. घरच्यांनी तिला एका देवऋषाकडे नेलं. त्यानं आधी लिंबू-नारळाचा उतारा सांगितला, मग कोंबडं, मग अमावास्येला वेगळी दक्षिणा. सहा महिने गेले, तिच्या हातातल्या पाटल्या गेल्या. शेवटी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून नुसतं विचारलं, "झोप लागते का गं?" तेव्हा ती रडली आणि बोलायला लागली. रेइगेनच्या टेबलावरची ती बाई बघताना मला मावशीच दिसत होती. फरक इतकाच की रेइगेननं पाठ चोळली आणि सोडून दिलं. तिला पुढच्या अमावास्येला बोलावलं नाही.

आता मॉबचं. ज्याच्याकडे खरी शक्ती आहे त्याचं मालिका काय करते हे बघण्यासारखं आहे. शाळेत 'टेलिपथी' मंडळाला सभासद हवे असतात, नाहीतर मंडळ बंद पडणार असतं. मॉबसारखा मुलगा त्यांना दुसरा कुठला मिळणार? पण मॉब जातो शरीर कमावणाऱ्या मुलांच्या मंडळात. त्याला एक मुलगी आवडते आणि वस्तू हवेत तरंगवल्यानं ती भुलणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मग तो पळायला लागतो, धाप लागून पडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळतो. शाळेच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिल्या दहात यायचं ठरवतो आणि येत नाही. लहान असताना या शक्तीला घाबरून तो रेइगेनकडे आला होता तेव्हा रेइगेननं त्याला सांगितलेलं असतं की कुणी जोरात पळतो, कुणी अभ्यासात हुशार असतो, तशी ही तुझ्यातली एक गोष्ट, तिनं तू मोठा होत नाहीस आणि सुरी जशी माणसावर उगारायची नसते तशी ही शक्तीही उगारायची नाही. गूढविद्येचा बाजार ज्या एका वचनावर चालतो, की तुझ्यात सुप्त शक्ती आहे, आम्ही ती जागी करू आणि तू इतरांहून वेगळा होशील, ते वचनच इथं निकालात निघतं. हे मी सहज बोलत नाही. जपानात या वचनापायी माणसं मेली आहेत.

१९८४ मध्ये टोकियोत एक लहानसा योगवर्ग सुरू झाला. चालवणारा शोको असाहारा. पुढच्याच वर्षी एका गूढविद्येच्या मासिकात त्याचा पद्मासनात अधांतरी तरंगतानाचा फोटो छापून आला. हाच वर्ग पुढे ओम शिनरिक्यो नावाचा पंथ झाला आणि २० मार्च १९९५ रोजी सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत त्यांनी सारिन हा विषारी वायू सोडला. हजारो लोक बाधित झाले आणि १४ जणांचा जीव गेला. त्यातली एक बाई पंचवीस वर्षं अंथरुणाला खिळून २०२० मध्ये गेली. सारिन तयार करणारे अडाणी नव्हते. जपानच्या नावाजलेल्या विद्यापीठांतून रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र शिकून आलेली मुलं होती ती. विज्ञानशिक्षक म्हणून हे वाक्य लिहिताना आजही माझा हात अडतो. मिथिल ऑरेंज आम्लात लाल का होतं, ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

माझ्या विरोधातला सर्वांत जड पुरावा इथंच आहे, तो मीच मांडते. ओमच्या तरुणांची पिढी गूढकथांच्या, अंतराळाच्या ॲनिमे बघत वाढलेली होती. आपल्या आश्रमात हवा शुद्ध करायची यंत्रं बसवली तेव्हा त्यांनी त्यांना 'कॉस्मो क्लीनर' म्हटलं, आणि ते नाव सरळ एका गाजलेल्या अंतराळ ॲनिमेतून उचललेलं होतं. पंथानं प्रचारासाठी स्वतःचे ॲनिमेही काढले. मग ॲनिमेनंच बिघडवलं असं का म्हणू नये?

म्हणू नये, कारण तीच मालिका जपानातल्या लाखो मुलांनी बघितली होती. ती मोठी झाली, नोकरीला लागली, आणि त्या दिवशी त्याच भुयारी गाडीतून कामावरही निघाली असतील. ओममध्ये ओढून नेणारी गोष्ट वेगळी होती. तो तरंगणारा फोटो 'हे खरं आहे' म्हणून छापला गेला होता, मासिकात, बातमीच्या थाटात. कल्पित गोष्ट दारावर पाटी लावून येते की मी कल्पित आहे. तो फोटो पाटी काढून आला. माझ्या मते अंधश्रद्धेची सीमारेषा इथंच आखायला हवी, भूत दाखवलं की नाही यावर ती ठरत नाही.

सत्तरच्या दशकातलं जपान पाहिलं की ही रेषा आणखी ठळक होते. १९७४ मध्ये मनाच्या जोरावर चमचे वाकवतो म्हणवणारा युरी गेलर तिथल्या टीव्हीवर आला आणि घराघरांत मुलं चमचे घासत बसली. त्याच सुमाराला शाळाशाळांत 'कोक्कुरी-सान'चं वेड पसरलं. कागदावर जपानी अक्षरं लिहायची, वर देवळाच्या तोरणाची खूण काढायची, दहा येनचं नाणं ठेवायचं, दोघातिघांनी त्यावर बोट टेकायचं आणि आत्म्याला प्रश्न विचारायचे. नाणं आपोआप सरकतं. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत पाटावर खडूनं अक्षरं काढून, वाटी पालथी घालून ज्यांनी प्लँचेट केलंय त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. दोन्हींचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य आत्मावादात, मेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलता येतं या समजुतीत आहे. त्या वेडाला एका गूढ मांगानं हातभार लावला हेही खरं. पण ती मांगा गोष्टीच्या पोटात 'आत्मे असे असतात, असे वागतात' ही माहिती खरी म्हणून देत होती. मुलं घाबरली, काही रडली, आणि शाळांनी कोक्कुरीवर बंदी घातली. बंदीनं ते गेलं का? पुढच्या पिढीतही मुलं ते खेळतच राहिली, फक्त शिक्षकांची पाठ वळल्यावर. १९७९ मध्ये तर तोंड फाटलेल्या बाईची अफवा देशभर पसरली. मुलं घोळक्यानं घरी जाऊ लागली, पोलिसांना गस्त घालावी लागली. ती अफवा कुठल्या मालिकेतून आली नव्हती, शाळा सुटल्यानंतरच्या गप्पांतून आली होती. भीतीला पडदा लागत नाही.

कोक्कुरीवरचं चांगलं उत्तर त्याच्याही नव्वद वर्षं आधी एका माणसानं देऊन ठेवलं होतं. इनोउए एन्र्यो, जन्म १८५८, बौद्ध मठाधिपतीचा मुलगा, तत्त्वज्ञ. १८८७ मध्ये त्यानं सुरू केलेली तत्त्वज्ञानाची शाळा म्हणजे आजचं तोयो विद्यापीठ. त्याच्या काळात कोक्कुरी बांबूच्या तीन काठ्या बांधून आणि वर भाताच्या भांड्याचं झाकण ठेवून करत. एन्र्योनं ते कुठून आलं याचा माग काढला आणि शिमोदा बंदराजवळ आलेल्या अमेरिकन खलाशांपर्यंत पोचला. मग त्यानं सांगितलं की झाकण हलवतात ती तुमचीच बोटं. मनाला जे उत्तर अपेक्षित असतं त्याच्या दिशेनं स्नायू नकळत ढकलतात आणि ढकललेलं आपल्याला कळत नाही. आजचं मानसशास्त्रही याहून वेगळं सांगत नाही.

पण मला एन्र्यो आवडतो तो वेगळ्या कारणानं. त्यानं भुतांना हुसकलं नाही, जमवलं. गावोगाव हिंडून व्याख्यानं दिली, लोकांकडून भुतांच्या हकिगती गोळा केल्या आणि त्यांचं शास्त्रच उभं केलं. लोक त्याला 'भुतांचे डॉक्टर' म्हणत. हकिगतींचे त्यानं चार कप्पे केले. पहिला बनावट, म्हणजे कुणीतरी मुद्दाम रचलेल्या. दुसरा गैरसमजाचा, अंधारातला खांब माणूस वाटला वगैरे. तिसरा निसर्गातल्या अशा गोष्टींचा ज्यांचं कारण शोधलं तर सापडतं. आणि चौथा खऱ्या गूढाचा, हे जग मुळात आहेच का, यासारखा. चौथा कप्पा त्यानं रिकामा टाकला नाही, बंदही केला नाही. टोकियोच्या नाकानो भागात त्यानं तत्त्वज्ञानाची बाग उभारली. जपानी देवळाच्या दारात जिथं दोन द्वारपाल उभे असतात तिथं, त्या बागेच्या दाराशी, त्यानं एका बाजूला लांब नाकाचा तेंगू हा लोककथेतला राक्षस आणि दुसऱ्या बाजूला बाईचं भूत उभं केलं. जन्मभर भुतांची कारणं सांगितलेल्या माणसानं भुतांना दाराशी मानानं जागा दिली. मला हे फार मोठं वाटतं.

जपानात पुढे जे झालं त्याची सावली इथं दिसते. भुतं श्रद्धेतून हळूहळू गोष्टीत गेली. शिगेरू मिझुकी नावाच्या चित्रकारानं लहानपणी एका म्हाताऱ्या बाईकडून गावची भुतं ऐकली होती. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीजवळच्या राबाउलला त्याचा डावा हात गेला. उजव्या हातानं त्यानं 'कितारो' या भूतपोराची चित्रकथा काढली, १९६८ मध्ये ती टीव्हीवर आली, आणि भिंतीसारखं आडवं येणारं भूत, वाळू फेकणारी म्हातारी, ही सगळी मंडळी मुलांच्या ओळखीची झाली. त्याच्या साकाइमिनातो गावात आज रस्त्याच्या दोन्ही कडांना दीडशेहून जास्त भुतांचे ब्राँझचे पुतळे आहेत आणि मुलं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवतात. ज्याच्या डोक्यावरून मुलानं हात फिरवला त्या भुताच्या नावानं त्या मुलाकडून पैसे उकळणं अवघड.

आपल्या भुतांचं काय झालं ते बघा. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, माळावरचा चकवा, कोकणातला देवचार, समंध, खवीस, गिऱ्हा. ही नावं माझ्या आजीच्या तोंडी गोष्टीत यायची. आज माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ती ठाऊक नाहीत. ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी ती घरात भगत आला होता तेव्हा ऐकलेली आहेत. 'मुलांना घाबरवू नका' म्हणत आपण भुतं गोष्टीतून काढली, पुस्तकातून काढली, आणि ती ज्याच्या हाती उरली तो भगत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या आमच्या मित्रांना हे कदाचित आवडणार नाही, पण गोष्टीतून हाकललेलं भूत कुठंतरी जातंच.

आणि विकणारे जपानातही आहेतच. ऐंशीच्या दशकापासून तिथं 'आत्म्यांचा व्यापार' हा शब्द रूढ आहे. तुमचे पूर्वज परलोकी तळमळताहेत, म्हणून घरात दुखणी आहेत, ही फुलदाणी घ्या, हा शिक्का घ्या, दान द्या, असं सांगून भयंकर किमतीला वस्तू विकायच्या. युनिफिकेशन चर्च या दक्षिण कोरियातून आलेल्या धर्मसंस्थेवर हा आरोप सर्वांत ठळकपणे झाला. अशा लोकांच्या मदतीसाठी वकिलांची देशव्यापी संघटना १९८७ मध्येच उभी राहिली. हीच संघटना २००७ मध्ये टीव्ही वाहिन्यांकडे तक्रार घेऊन गेली, आणि ती ॲनिमेची नव्हती. पाहुण्याचा पूर्वजन्म आणि त्याची पाठराखण करणारा आत्मा 'खरोखर' सांगणाऱ्या कार्यक्रमांची होती. वीस वर्षं फसवलेल्यांच्या फायली वाचणाऱ्यांना धोका कुठल्या पडद्यावर आहे ते कळत होतं. पुढे ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. गोळी झाडणाऱ्याच्या आईनं त्या चर्चला सुमारे दहा कोटी येन दिले होते आणि घर धुळीला मिळालं होतं. हत्येचं समर्थन कशानंच होत नाही. पण त्यानंतर देश खडबडून जागा झाला. त्या वर्षीच्या डिसेंबरात कायदा झाला आणि आत्म्यांची, अदृश्याची भीती घालून दान मागण्याला त्यात बंदी आली. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं ती संस्था विसर्जित करायचा आदेश दिला.

'मॉब'चा तिसरा हंगाम नेमका याच काळात, २०२२ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात टीव्हीवर चालू होता. शहराच्या मधोमध एक अवाढव्य ब्रोकोली उगवते, लोक तिला दैवी झाड मानतात, तिच्याभोवती पंथ उभा राहतो आणि अख्खं शहर एका सुरात बोलायला लागतं. कथा मांगात आधीच लिहून झाली होती, म्हणजे हा योगायोग. पण पहिल्या हंगामातही असाच एक पंथ आहे. तिथं सगळ्यांनी हसरे मुखवटे घालायचे असतात, आणि न हसणारा मॉब सभेत उभा असतो. पंथप्रमुख त्याला हिणवतो की तुला आजूबाजूची हवा ओळखता येत नाही. जपानीत हा वाक्प्रचारच आहे, हवा वाचणं, म्हणजे चार माणसांचा कल ओळखून तसं वागणं. पंथात शिरणारा माणूस भुताला घाबरून शिरतो असं आपण समजतो; बरेचदा तो एकटा पडायला घाबरून शिरतो. सगळे हसताहेत आणि आपण एकटेच हसत नाही, हा प्रसंग तेरा वर्षांच्या मुलाला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कळतो, कारण तो रोज वर्गात तेच सोसतो.

महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याकडेही याच नजरेनं बघा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्या डिसेंबरात कायदा झाला. त्याची अनुसूची वाचा. भूत उतरवण्याच्या बहाण्यानं माणसाला दोरानं, साखळीनं बांधणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे आहेत. चमत्काराचं नाटक करून लोकांना फसवणं आणि पैसे मिळवणं हा गुन्हा आहे. भुताची गोष्ट सांगणं त्यात कुठंही नाही. ज्यांनी हा कायदा प्राण देऊन मिळवला त्यांना रेषा कुठं आखायची ते पक्कं ठाऊक होतं. मिठाची पुडी पाहून मुलाला 'जादूटोणावाला' म्हणणारे ती रेषा पुसताहेत.

मालिकेत सगळं मला पटलं असं नाही. रेइगेन शेवटी फसवणारा माणूस आहे आणि लेखकाचा त्याच्यावर फार जीव आहे. टीव्हीवर त्याचं बिंग फुटतं, पत्रकार त्याला घेरतात, तो एकटा पडतो, हे दाखवलंय. अगदी शेवटी, सारं शहर उद्ध्वस्त होत असताना, तो वादळात उभा राहून मॉबला कबुली देतो की माझ्याकडे काही नाही, मी इतकी वर्षं खोटं बोललो. तो प्रसंग बघताना माझे डोळे भरून आले. तरी त्याच्याकडे पैसे देऊन गेलेल्या माणसांना ती कबुली मिळत नाही, ती एकट्या मॉबला मिळते. शिवाय मालिकेच्या जगात भुतं खरीच आहेत. मुलाच्या मनात 'काहीतरी असेलही' हा धागा त्यातून राहू शकतो. आणि सरसकट सगळ्या मालिकांची बाजू मी घेत नाहीये. आठवीच्या आतल्या मुलांना न झेपणारा रक्तपात असलेल्या कितीतरी आहेत. त्या वय पाहूनच द्याव्यात, आणि तो निर्णय पालकांनी शेजारी बसून, बघून घ्यावा. मोबाईल हातात देऊन दार लावून घेतलेल्या घरांनी शाळेकडून सूचनापत्र मागू नये.

पुढच्या सभेत मी हे सगळं इतक्या विस्तारानं बोलले नाही. एवढंच म्हणाले की सूचना काढण्याआधी मला एक तासिका द्या. मुख्याध्यापकांनी दिली.

त्या तासिकेला मी लिंबू नेलं नाही. फळ्यावर एन्र्योचे चार रकाने काढले आणि मुलांना म्हटलं, घरात, गावात ऐकलेलं भूत सांगा, आपण मिळून रकाना ठरवू. पहिली दहा मिनिटं कुणी हात वर करेना. मग ज्याच्या पेटीत मीठ होतं तोच उठला. म्हणाला, "बाई, माझं मीठ पहिल्या रकान्यात. रेइगेनकडे शक्ती नसते, तो नुसता फेकतो. मला माहीत होतं." "मग ठेवलंस कशाला?" "रात्री क्लासवरून येताना नाल्याजवळ दिवा नसतो." वर्ग हसला नाही. तो दिवा लागावा म्हणून आम्ही सरपंचांना पत्र लिहायचं ठरवलं आणि मुलांनीच मजकूर केला. मग हात वर यायला लागले. माळावरचा चकवा दुसऱ्या रकान्यात गेला. स्मशानाजवळच्या ओढ्यातला हिरवा उजेड तिसऱ्यात टाकायचा की दुसऱ्यात, यावर भांडण झालं. चौथ्यात काय लिहायचं हे कुणाला सुचेना, तेव्हा एकानं विचारलं, "मेल्यावर माणूस कुठं जातो, हे तिथं लिहायचं का?" मी ते लिहिलं.

तास संपल्यावर एक मुलगी मागं थांबली. पाटी-दप्तर आवरत हळूच म्हणाली, "बाई, काका आजारी होता तेव्हा आजीनं भगताला बोकड दिलं आणि अकरा हजार रुपये दिले. ते पहिल्या रकान्यात येतं ना?" मी हो म्हटलं. "पण ते फळ्यावर लिहू नका," ती म्हणाली, "आजीला वाईट वाटेल." मी लिहिलं नाही. रविवारी तिच्या आजीला भेटायला जायचं ठरवलं आहे.